निरोपाचं माप

निरोप सांगायला माणूस पाठवला की तो निरोपाआधी स्वतःची हकीकत सांगतो. पनवेलपुरतं बोलायचं तर पाहुणा दारात चपला काढता काढताच लोकल मानसरोवरला कशी अडकली ते सांगतो, मग पाणी पितो, उकाड्याला नावं ठेवतो, नको नको म्हणत चहा घेतो आणि उठताना, एक पाय चपलेत घालून म्हणतो, ‘‘हां, मुख्य सांगायचं राहिलंच. लग्न पुढे ढकललंय.’’ सगळा मजकूर प्रस्तावनेत आणि निरोप ताजा कलमात, ही आपली रीत. तिच्यावर आपले कित्येक चहा उभे आहेत.

संगणकाला ही चैन परवडत नाही. त्याच्याकडे निरोपाला माप असतं. मापात बसला तर निरोप जातो, नाही बसला तर तो तिथल्या तिथे परत येतो. समजूत घालता येत नाही, ओळख काढता येत नाही आणि ‘एवढा एकच जाऊ द्या’ म्हणायला खिडकीपलीकडे कुणी बसलेलं नसतं.

नवीन पनवेलमधल्या आमच्या संकुलाला या मापाचा परिचय झाला तो पाण्यामुळे. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ पासून तिची महानगरपालिका झाली. जुन्या गावाला गाढी नदीवरच्या देहरंग धरणाचं पाणी मिळे. मग शहर चहूबाजूंनी वाढलं आणि पाण्याच्या बोलण्यात जीवन प्राधिकरण, एमआयडीसी, सिडको अशी नावं येऊ लागली. साहजिकच कुठल्याही संकुलात सगळ्यात जास्त निघणारी सूचना एकच : अमुक वारी शटडाऊन, पाणी भरून ठेवा.

आमचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक आहेत. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. सरांची सूचना ‘सर्व सन्माननीय सभासदांस नम्रपणे कळविण्यात येते की’ इथून सुरू होते, पाण्याच्या काटकसरीवरून नागरिकशास्त्राकडे वळते, मागच्या वर्षीच्या शटडाऊनला कोणी किती सहकार्य केलं याची नोंद घेते, विंगवार वेळापत्रक देते आणि शेवटी ‘आपला विनम्र’वर टेकते. फलकावर ती सुवाच्य अक्षरात लागे. वाचायला वेळ लागे, पण पाणीही उशिराच यायचं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

मग चौथ्या मजल्यावरच्या मुलाने, जो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, संकुलासाठी एक छोटी प्रणाली बांधली. सरांनी सूचना टंकली की ती डेटाबेसमध्ये जाणार आणि त्याच क्षणी सगळ्यांच्या फोनवर टिंग वाजणार. यासाठी त्याने पोस्टग्रेस घेतला. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पातून वाढलेला हा डेटाबेस फुकट मिळतो, हे सोसायटीच्या कार्यकारिणीला विशेष आवडलं. त्यात निरोपांची सोय आधीपासूनच आहे. एकाने ‘लिसन’ म्हणून एखाद्या चॅनेलकडे कान लावून बसायचं, दुसऱ्याने ‘नोटिफाय’ म्हणून हाक मारायची. हाकेबरोबर थोडा मजकूरही पाठवता येतो. ही मजकुराची सोय २०१० सालच्या ९.० आवृत्तीपासूनची. त्याआधी नुसती हाकच असे. कशासाठी मारली ते ऐकणाऱ्याने जाऊन बघायचं.

थोडा म्हणजे किती, तर ८००० बाइटपेक्षा कमी. हा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. पोस्टग्रेसचं एक पान ८१९२ बाइटचं असतं. त्यातून चॅनेलच्या नावासाठी ६४ आणि किरकोळ हिशेबासाठी १२८ बाइट वजा केले की बरोबर ८००० उरतात. निरोप एका पानात मावला पाहिजे, एवढंच त्या वजाबाकीचं म्हणणं. हे माप सेटिंगच्या फायलीत एक आकडा बदलून वाढत नाही. पानच मोठं हवं असेल तर आख्खा सर्व्हर मूळ संहितेपासून नव्याने तयार करावा लागतो. पाण्याच्या सूचनेसाठी एवढं कुणी करत नाही.

आठ हजार ऐकायला पुष्कळ वाटतात. पण इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘क’ला तीन, त्याच्या वेलांटीला वेगळे तीन, अनुस्वाराच्या टिंबालाही तीन. ‘क्ष’सारखं जोडाक्षर तर आत क, हलन्त आणि ष असं तिघांचं कुटुंब घेऊन येतं आणि नऊ बाइट अडवतं. म्हणजे मराठीत निरोपाचं माप २६६६ चिन्हांवर येतं. मुलाने सूचनेचा सगळा मजकूरच हाकेला बांधला होता. ‘लिफ्ट बंद आहे’ हे सुखरूप गेलं, ‘टँकर आला’ हेही गेलं. पण उन्हाळ्यातल्या मोठ्या शटडाऊनची सूचना, नागरिकशास्त्र आणि विंगवार वेळापत्रकासह, मापाबाहेर गेली. त्यात हाक मारण्याचं काम नोंदीलाच जोडलेल्या ट्रिगरचं. हाक अडली की नोंदही रद्द होते. सरांनी तासभर खपून टंकलेली सूचना कुणाला गेली तर नाहीच, ती डेटाबेसमध्येही राहिली नाही. सरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, ‘‘गेली कुठे?’’ या प्रश्नाला तंत्रज्ञानात अचूक उत्तर आहे, पण ते वडीलधाऱ्या माणसाला देता येत नाही.

चॅनेलच्या नावाची गंमत आणखी वेगळी. नावाला ६३ बाइटची मर्यादा. मराठीत फार तर २१ चिन्हं. मुलाने हौसेने चॅनेलचं बारसं मराठीत केलं होतं : ‘पनवेल_पाणीपुरवठा_बंद_सूचना’. मोजून बघा, हे ७२ बाइट होतात. ‘लिसन’ आणि ‘नोटिफाय’ या आज्ञांना लांब नाव दिलं तर पोस्टग्रेस ते मुकाट्याने नाकारत नाही. कापतो आणि कापल्याची सूचना पडद्यावर देतो. अक्षराचा लचका पडू नये याचीही काळजी घेतो. ६३ बाइटवर कापल्यावर उरलं ते असं : ‘पनवेल_पाणीपुरवठा_बंद_सू’. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात पाणी बंद असताना हे नाव किती समर्पक आहे ते वेगळं सांगायला नको. सरांनी मात्र ते पडद्यावर पाहिलं आणि ‘‘नाव बदल,’’ एवढे दोनच शब्द बोलले. त्यांच्या तोंडून इतकी आटोपशीर सूचना संकुलाने पहिल्यांदाच ऐकली.

नाव लांब पडतं म्हणून ते आखडून घ्यायचं, ही सोय काही संगणकाने शोधलेली नाही. जुन्या पेढ्यांच्या आणि छापखान्यांच्या कागदांवर वर कोपऱ्यात ‘तारेचा पत्ता’ म्हणून एकच शब्द छापलेला असे. तारेत शब्दाला पैसे पडत आणि पत्त्याचे शब्दही त्यात मोजले जात. म्हणून तारखात्याकडे फी भरून एक शब्द आपल्या नावावर नोंदवायचा; बाकीचा पत्ता, म्हणजे गल्ली, माळा, मारुतीमागे वगैरे, तार कचेरीच्या नोंदवहीत. शुभेच्छांच्या तारांना याहून नामी युक्ती होती. दिवाळी, लग्न, परीक्षेतलं यश अशा प्रसंगांची ठरीव वाक्यं क्रमांक घालून छापलेली असत. आपण खिडकीशी फक्त क्रमांक सांगायचा. तारेतून आकडा जाई आणि पलीकडच्या कचेरीत त्याचं पूर्ण, अलंकारिक वाक्य होऊन घरपोच मिळे. ‘आपले वैवाहिक जीवन सुखाचे होवो’ हे कोकणातल्या गावी आकड्याच्या रूपाने जात होतं. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तोवर ती युक्तीही तिच्याबरोबर म्हातारी झाली होती.

पोस्टकार्डाचं माप मोडायचे आपले मार्ग तर जगाला शिकवण्यासारखे. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली आलं आणि लवकरच मराठी माणसाच्या लक्षात आलं की कार्डाला चार कडा असतात. आडवा मजकूर संपला की कडेने उभा, मग वरच्या बाजूला उलटा, मग पत्त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘ता. क.’. लग्नपत्राला हळदीकुंकवाची बोटं लागत, दुःखाच्या पत्राचा कोपरा फाडलेला असे. अक्षर न वाचताच अर्ध्या घराला काय ते कळे. तारेला तर तेवढीही खूण लागत नव्हती. तारवाला दाराशी दिसला की पाकीट फोडण्याआधीच आत रडं सुरू होई. २०१० पूर्वीच्या ‘नोटिफाय’सारखी तिची नुसती हाकच पुरे. ती बारशाची निघाली तर डोळे पुसून पेढे आणायला माणूस पळायचा.

एसएमएसच्या मापामागेही पोस्टकार्डच आहे. १९८५ च्या सुमारास बॉनमध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे अभियंते टंकलेखन यंत्रापुढे बसून वाटेल ती वाक्यं टंकत आणि त्यातली अक्षरं मोजत. बहुतेक वाक्यं १६० च्या आत संपतात असं त्यांना दिसलं. पोस्टकार्डांवरचा बराचसा मजकूर दीडशेच्या आत असतो, याचाही त्यांनी आधार घेतला. त्यांनी पाहिलेली कार्डं पनवेलहून गेलेली नव्हती हे उघड आहे. १६० अक्षरांचा हा घास इंग्रजीचा. आत जागा १४० बाइटची, त्यामुळे देवनागरीत एसएमएस ७० चिन्हांत आटपतो. सरांच्या सूचनेतलं ‘सर्व सन्माननीय सभासदांस नम्रपणे कळविण्यात येते की’ एवढ्यातच त्याचा बराचसा भाग खर्ची पडतो. काय कळविण्यात येते ते पुढच्या एसएमएसमध्ये.

मुलाने मापातून वाट काढायला सुरुवात केली. आधी सूचना रोमन लिपीत पाठवून बघितली. प्रत्येक अक्षराला एकच बाइट. सगळं आरामात मावलं. पण सरांनी ‘pani’ वाचून विचारलं, ‘‘हे पाणी की पानी?’’ आणि तो मार्ग तिथेच संपला. मग त्याने सूचनेचे तुकडे केले. तुकडे क्रमाने पोचत होते, त्यात खोट नव्हती. पण ज्याचा फोन मधेच जोडला जाई त्याला शेवटचाच तुकडा मिळे. एका घरात ‘तरी कोणीही घाबरून जाऊ नये. आपला विनम्र’ एवढंच पोचलं आणि ते घर दिवसभर घाबरून होतं.

इथे आणखी एक गोष्ट उघडी पडली. ज्या क्षणी हाक मारली त्या क्षणी जो ऐकत नसेल त्याच्यासाठी पोस्टग्रेस ती हाक राखून ठेवत नाही. फोन बंद होता, नेट गेलं होतं, बोगद्यात होतो, या सबबींना तिथे रकाना नाही. सर हे ऐकून प्रथमच खुलले. म्हणाले, ‘‘अरे, मग सूचना वही ठेव की.’’

महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या कुणालाही सूचना वही माहीत असते. तास चालू असताना शिपाईमामा वही घेऊन दारात उभे राहतात. मामा काही बोलत नाहीत. ते फक्त दिसतात. गुरुजी वही घेतात, वाचतात, सही करतात. रजेवरचे गुरुजी दुसऱ्या दिवशी आले की आधी वही बघतात आणि मागच्या सूचनांवर सह्या करतात. सूचना कितीही लांब असो, शिपाईमामांना ती पाठ करायची नसते. आणि मामा एखाद्या वर्गाकडे फिरकले नाहीत तरी वहीतली सूचना वहीत असते.

मुलाने तसंच केलं. सूचना पूर्ण लांबीची, सन्माननीय आणि विनम्र यांच्यासह, आता एका तक्त्यात जाते आणि तिला क्रमांक पडतो. हाकेतून जातो तो फक्त क्रमांक. फोनला हाक ऐकू आली की तो तक्त्याकडे जाऊन त्या क्रमांकाची सूचना उचलतो. फोन बंद असेल तर चालू झाल्यावर आपण शेवटचा कुठला क्रमांक वाचला ते बघतो आणि पुढचे सगळे घेतो. आठ हजार बाइटच्या पानावर आता चार आकडे ऐसपैस पहुडलेले असतात. सरांच्या सूचना त्यानंतर थोड्या वाढल्या, पण आता माप त्यांच्या आड येत नाही.

पोस्टग्रेसचे बाकीचे नियम मला तेव्हा नीट कळले आणि त्यातले काही संकुलाबाहेरही लागू करावेत असं वाटू लागलं. एक नियम असा की व्यवहार पक्का झाल्याशिवाय, म्हणजे ‘कमिट’ झाल्याशिवाय, हाक बाहेर पडतच नाही. मधेच व्यवहार रद्द झाला तर हाक मारायची होती हेही कुणाला कळत नाही. लग्न जुळवणाऱ्यांनी हा नियम पाळला तर मुलीच्या घरून होकार येण्याआधी खांदेश्वरपासून खोपोलीपर्यंत बातमी पोचणार नाही. दुसरा नियम : एकाच व्यवहारात, एकाच चॅनेलवर, तोच मजकूर कितीदाही पाठवा, ऐकणाऱ्याला तो एकदाच मिळतो. कुटुंबाच्या गटांवर रोज सकाळी उगवणाऱ्या फुलांच्या ताटव्यांना हा नियम कधी लागतो याची मी वाट बघतो आहे.

तिसरा नियम जरा बोचरा आहे. न पोचलेल्या हाका एका रांगेत थांबतात. ही रांग नेहमीच्या मांडणीत ८ जीबीची असते; २०२४ च्या सतराव्या आवृत्तीपासून तिची लांबी सेटिंगमधून बदलता येते. रांग पुढे सरकायची तर ऐकणाऱ्या प्रत्येकाने आपापलं ऐकून घेतलं पाहिजे. पण एखादा ‘ऐकतोय’ असं सांगून स्वतःच्याच लांबलेल्या व्यवहारात गुंतून बसला तर त्याच्यासाठी सगळी रांग अडते. निम्मी भरली की सर्व्हर नोंदीत कुरकुर करतो, पूर्ण भरली की हाक मारणाऱ्यांचेच व्यवहार फसू लागतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत पहिल्या रांगेत बसून दुसऱ्याच गोष्टीत रमलेला आणि शेवटी ‘मुद्दा कोणता चाललाय?’ विचारणारा सभासद आपण काय करतो हे त्याला कधी कळत नाही. पोस्टग्रेसमध्ये निदान तो कोण हे नोंदीत दिसतं.

तळमजल्यावरच्या आजींना या सगळ्याची गरजच पडली नाही. त्या दर थोड्या वेळाने नळ सोडून बघतात. पाणी असलं तर बादली लावतात, नसलं तर नळ बंद करतात. संगणकवाले याला ‘पोलिंग’ म्हणतात आणि नाक मुरडतात. सारखं विचारत बसणं हे अडाणीपणाचं, हाक आली की जाणं हे शहाणपणाचं. पण शहाणेही मागच्या दाराने आजींचीच पद्धत ठेवतात. हाक हुकली तर काय, म्हणून अधूनमधून तक्ता स्वतः बघून येणारा एक छोटा कार्यक्रम बाजूला चालू ठेवतात. मुलाने तोही ठेवला आहे. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘मग टिंग कशाला?’’

मला मात्र या मापाने वेगळ्याच विचाराला लावलं. क्रमांकाने काम भागतं ते पलीकडे भरलेला तक्ता असतो म्हणून. तारेतला आकडा दोन्ही कचेऱ्यांत एकच यादी असल्यामुळे वाक्य होत होता. थोडक्यात बोलणं ही शब्दांची काटकसर वाटते, पण त्यामागे दोघांनी मिळून साठवलेलं पुष्कळ काही खर्च होत असतं. जुन्या पनवेलमध्ये ‘तळ्यावर ये’ एवढं पुरत असे. वडाळे, विश्राळे, कृष्णाळे, देवाळे अशी तळी गावात असताना कुठल्या तळ्यावर हे विचारावं लागत नसे. बोलणारा कोण, वेळ कुठली, यावरून ऐकणाऱ्याला तळं कळे. सगळ्या गावाची वही एकच होती.

पुढे वसाहती आल्या, सेक्टर आले, द्रुतगती मार्ग आला, आता विमानतळही आला. नव्या माणसाला ‘तळ्यावर ये’ म्हटलं तर तो फोनवर ठिकाण मागतो, आणि त्याचं बरोबरच आहे. त्याला सेक्टर लागतो, प्लॉट क्रमांक लागतो, समोर कुठलं दुकान ते लागतं, रिक्षा किती घेईल तेही लागतं. शहर वाढलं की सूचना लांबतात. माणसं जास्त बोलकी होतात म्हणून नव्हे, त्यांच्यातला सामाईक तक्ता अजून रिकामा असतो म्हणून. सरांच्या लांबलचक सूचनांबद्दल माझं मत यामुळे बदललं. बारा गावांहून येऊन एका जिन्यात राहणाऱ्या लोकांसाठी ते नागरिकशास्त्रासकट आमचा तक्ता भरत होते.

सहाव्या मजल्यावर एक कुटुंब नागपूरहून नवीन आलं. त्या गृहस्थांना प्रत्येक सूचनेनंतर प्रश्न पडायचे. शटडाऊन म्हणजे किती वेळ? टाकीत किती तास पुरतं? टँकर कोण बोलावतो, पैसे कसे वाटतात, पहिलं पाणी गढूळ येतं ते किती वेळ सोडायचं? सर प्रत्येकाला उत्तर देत. काही उत्तरं मूळ सूचनेहून मोठी असत. उन्हाळा असाच गेला. परवा सर गावी होते आणि सूचना काढायला कुणी नव्हतं. सकाळी त्याच गृहस्थांनी आपणहून सगळ्यांना लिहिलं, ‘आजही तेच’. कुणी एक प्रश्न विचारला नाही. पुढच्या दहा मिनिटांत सगळ्या विंगांत बादल्या लागल्या. सवयीने मी मोजलं : २२ बाइट.